३१ मार्च यांस खुलं पत्र

३१ मार्च यांस,

सप्रेम नमस्कार घालण्याजोगं आपल्यात काही उरलेलं नाही, म्हणून थेट विषयावर येतो. तू आमच्या खाडीचा गुन्हेगार आहेस. वादळाला बोल लावून झाला, समुद्राला लावून झाला, ठेकेदाराला आणि सरकारलाही लावून झाला. तुझं नाव मात्र कुणी घेतलं नाही. तू भिंतीवरच्या कॅलेंडरात एका चौकोनात गप्प बसलेला असतोस, तुझ्यावर संशय कोण घेणार? मी घेतो आहे, आणि पुराव्यासकट घेतो आहे.

मी कोकणात एका खाडीकाठच्या गावात राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर गावच्या कांदळवन समितीचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. किनारा सावरायचा तर दगडाची भिंत न घालता कांदळवन, वाळूच्या टेकड्या आणि भरती-ओहोटीच्या वाटा पुन्हा जिवंत करायच्या, असं गावाने ग्रामसभेत ठरवलं. त्यासाठी अनुदान मिळवायचं काम माझं. ते मिळवताना मी तुला जवळून ओळखायला लागलो.

कांदळाची शेंग तू कधी हातात घेतलेली नाहीस. हातभर लांब, काकडीपेक्षा बारीक, टणक आणि हिरवीगार. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. आईच्या अंगावरच त्याला कोंब फुटतो आणि तो कोंब म्हणजेच ही लोंबणारी शेंग. तिच्या वरच्या टोकाला टोपीखाली पिवळसर कडं दिसायला लागलं की ती पिकली. मग एखाद्या दुपारी ती सुटते. ओहोटी असेल तर सरळ चिखलात रुतते, भरती असेल तर पाण्यावर तरंगत आपली जागा शोधत जाते. आमच्याकडे हे सगळं पावसाळ्यात घडतं. त्या दिवसांत गावातल्या बाया होडीतून जाऊन शेंगा वेचतात, कीड लागलेल्या बाजूला काढतात आणि चांगल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतात. या कामाला घाई चालत नाही आणि उशीरही चालत नाही. शेंग मार्चची वाट बघत झाडावर थांबत नाही.

आता तू काय केलंस ते सांगतो. एका वर्षी आम्ही मे महिन्यात अर्ज दिला. सातबारा, ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा, ओहोटीच्या वेळी एकाच जागेवरून काढलेली छायाचित्रं, अंदाजपत्रक, सगळं जोडलं. पावसाळ्याच्या आत पैसे आले तर शेंगा वेचायच्या, रोपवाटिका करायची, असा बेत होता. जूनमध्ये त्रुटीपत्र आलं, ते दूर केलं. गणपतीत विचारलं, फाईल वर आहे. दिवाळीत विचारलं, फाईल वरच आहे. जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं आणि मार्चच्या चोवीस तारखेला पैसे बँकेत जमा झाले. दुसऱ्याच दिवशी फोन आला की एकतीसपर्यंत खर्च दाखवा, नाहीतर निधी परत जाईल आणि पुढचा हप्ता मिळणार नाही.

त्या संध्याकाळी समितीची बैठक देवळात झाली. आमच्या शेंगा वेचणाऱ्या बायांमधल्या सगळ्यात जाणत्या काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पैसे इले, पण हंगाम गेलो.”

तरीही आम्ही चूक केली. पैसे परत गेले तर गावाचं नाव खराब होईल, पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, या भीतीने आम्ही बाहेरून रोपं विकत आणली. मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांत, भर उन्हात, खाडीच्या तोंडाशी मोकळा गाळ होता तिथे ती ओळीने लावली, कारण छायाचित्रात ओळ चांगली दिसते आणि मोजायला सोपी जाते. बांबूचं कुंपण केलं, फलक लावला. एकतीसला बिलं दिली, शिक्का घेतला. मे संपेपर्यंत बरीचशी रोपं काळी पडली. उरलेल्यांच्या खोडांवर शिंपल्यांसारखे कडक जीव चिकटले आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्यात ती आडवी झाली. पुढच्या वर्षी फलक तेवढा शाबूत होता. कागदावर आमचा प्रकल्प आजही यशस्वी आहे. उपयोगिता प्रमाणपत्रावर सही माझी आहे आणि ती सही मला झोपू देत नाही.

ही चूक आमच्या एकट्या गावाची असती तर मी तुला पत्र लिहिलं नसतं, बायांची माफी मागून गप्प बसलो असतो. पण फिलिपीन्समध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. जुर्गेन प्रिमावेरा या संशोधिकेने सहकाऱ्यासोबत २००८ साली तिथल्या कांदळवन लागवडीचा आढावा मांडला. कोट्यवधी रुपयांच्या योजना होऊनही दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्केच होतं. कारण आमच्यासारखंच. लावायला सोपी म्हणून कांदळाची जात निवडली आणि कुणाचा दावा नाही म्हणून समुद्राकडच्या उघड्या गाळावर लावली. कांदळवन खरं जिथे वाढायचं त्या आतल्या जागांवर मत्स्यतळी झाली होती. तिथे हात लावायचा तर जमिनीचे हक्क सोडवावे लागतात, लोकांशी बोलावं लागतं, वर्षं जातात. वर्ष संपण्याआधी रोपांचा आकडा हवा असला की माणूस उघड्या गाळाकडेच जातो.

आमच्या जागेला खरं काय हवं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. गावाच्या आतल्या अंगाला जुना खार बंधारा आहे, त्याची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, गाळाने बुजलेली. पूर्वी भातशेती होती तेव्हा गाव मिळून दरवर्षी बंधारा दुरुस्त करायचं, कुठे खांड पडली तर रातोरात माती टाकायला माणसं धावायची. शेती सुटली तशी ती देखभालही सुटली. आता आत पाणी साचून राहतं, उन्हाळ्यात आटतं आणि मागे पांढरा मिठाचा थर ठेवतं. त्यात काही उगवत नाही. तिथे रोप लावायची गरजच नव्हती. उघाडी साफ करून दोन-तीन नाळ्या खणल्या, दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू दिलं, तर तिवराचं, म्हणजे कांदळवनातल्याच दुसऱ्या झाडाचं, बी पाण्याबरोबर आपोआप येतं. खाडीच्या पलीकडच्या बाजूला बंधारा आपणहून फुटला तिथे ते आलंच आहे, कुणी लावलेलं नाही. पण अर्जाच्या नमुन्यात ‘रोपांची संख्या’ हा रकाना सक्तीचा होता आणि ‘गाळ काढणे, दरवर्षी’ असा रकानाच नव्हता.

तमिळनाडूत चिदंबरमजवळच्या पिचावरमला हे काम करून दाखवलेलं आहे. तिथे ब्रिटिशांच्या काळापासून पट्टेच्या पट्टे सरसकट तोडले गेले. उघडी पडलेली जमीन खचली, तिच्यात पाणी अडलं आणि माती इतकी खारट झाली की तिवरही धरेना. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन संस्थेने वन विभाग आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे माशाच्या काट्याच्या आकारात कालवे खणले, म्हणजे मधला मोठा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके छोटे. भरती आत खेळायला लागली, मीठ धुऊन गेलं आणि कालव्यांच्या काठाने लावलेलं तिवर तगलं. पण कालव्यात गाळ बसतो, तो अधूनमधून काढत राहावा लागतो. एकदा खणून, फीत कापून, तुझ्या तारखेला बिल काढून मोकळं होण्याचं हे काम नाही. कुणीतरी चौथ्या वर्षीही फावडं घेऊन चिखलात उतरावं लागतं आणि त्या चौथ्या वर्षाची मजुरी पहिल्याच वर्षी कुठेतरी लिहून ठेवावी लागते.

म्हणूनच तुझं आणि दगडाच्या भिंतीचं इतकं छान जमतं. धूपप्रतिबंधक बंधारा फेब्रुवारीतही बांधता येतो. ट्रकने दगड आले, ओतले, लांबी-रुंदी-उंची मोजमाप पुस्तिकेत चढली, बिल निघालं. ना हंगामाची अट, ना बायांना विचारायची गरज. घरं अगदी पाण्याच्या कडेला आली आहेत अशा ठिकाणी भिंतीशिवाय इलाज नसतो, हे मला मान्य आहे. ज्या घराच्या ओटीवर लाट येते त्याला मी मर्यादवेल लावायला सांगणार नाही. पण मोकळ्या पुळणीवरही तू भिंतच घालायला लावतोस. उभ्या दगडावर आपटलेली लाट शक्ती टाकून देत नाही, परत फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण खाली बसते, पायथा उघडा पडतो, दगड ढासळतात. भिंत जिथे संपते तिथून पुढे शेजारच्या गावाची धूप वाढते आणि मग शेजारचं गाव भिंत मागतं. रत्नागिरीच्या मिऱ्याला जाऊन बघ. तिथल्या माणसांनी बंधाऱ्याला पडलेली भगदाडं किती पावसाळे बघितली, ते त्यांच्याच तोंडून ऐक.

आणि पुळणीचं रक्षण करणारं जे आहे ते तुझ्या कागदात दिसतच नाही. वाळूवर पसरणारी, जांभळ्या फुलांची ती वेल. आमच्या पूर्वजांनी तिला मर्यादवेल म्हटलं. समुद्राची मर्यादा ती दाखवते. तिच्या पुढे घर बांधू नये, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नसे. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा, टोकदार पात्यांचं गवत. पायात टोचतं म्हणून पर्यटकांसाठी उपटून टाकतात. या दोघी वाऱ्याने आलेली वाळू धरून ठेवतात, टेकडी उभी राहते आणि वादळात लाट त्या टेकडीची वाळू खाऊन परत जाते. मागे केवडा, उंडी, करंज. त्याऐवजी आपण सरसकट सुरू लावत आलो. सरळ वाढतो, लवकर वाढतो, मोजायला सोपा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्यातले कितीतरी मुळांसकट आडवे झाले.

तुझं वय मी काढलं. या देशाचं आर्थिक वर्ष १८६७ पर्यंत १ मे ते ३० एप्रिल होतं. ब्रिटिश सरकारच्या हिशेबाशी जुळावं म्हणून ते १ एप्रिल ते ३१ मार्च केलं गेलं. म्हणजे तू आमच्या पावसाला विचारून आलेला नाहीस, लंडनच्या वहीला विचारून आलास. ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या लक्षात आली असंही नाही. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८५ साली सांगितलं होतं की नैर्ऋत्य मोसमी पावसाचा देशाच्या अर्थव्यवस्थेवर होणारा परिणाम बघता वर्ष जानेवारी ते डिसेंबर असावं. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. २०१६ साली पुन्हा समिती नेमली गेली. तू जागचा हलला नाहीस.

पैसा नाही, असं मला आता कुणी सांगू नये. हरित हवामान निधीने २०१८ साली आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ४.३४ कोटी डॉलरचं अनुदान मंजूर केलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात मिष्टी योजना जाहीर झाली. पाच वर्षांत ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन, आणि पैसा रोजगार हमी व कॅम्पाच्या, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या भरपाईच्या, निधीतून एकत्र करून. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीत नद्या आणि समुद्रकिनारे यांची धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी रुपये वेगळे ठेवले. त्याची मुदतही तुझ्याच दिवसापर्यंत धरलेली, हे तुला सांगायला नको. किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून मोजलं, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा धुपत असलेला सापडला, महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा. गरज मोजलेली आहे, पैसा ठेवलेला आहे. मधे उभा तू आहेस.

आणि तुझ्याशिवाय चालत नाही हेही खरं नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाला कायद्याने सवलत दिली आहे. चालू प्रकल्प असेल तर वर्षाअखेरी न खर्चलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्या कामावर खर्च करायची. २०२१ पासून हा नियम आहे. २०१६ च्या कायद्याने उभारलेला कॅम्पाचा निधी तर मुळातच व्यपगत न होणारा आहे. म्हणजे कारखान्याचा पैसा तीन वर्षं थांबू शकतो, तोडलेल्या जंगलाच्या भरपाईचा पैसा थांबू शकतो, पण आमच्या खाडीतल्या बायांच्या मजुरीचा पैसा आठ दिवस थांबू शकत नाही. कॅम्पाचा पैसा बुडत नसला तरी त्याचा आराखडा वार्षिकच लिहिला जातो. तारीख गेली तरी तिची सवय जात नाही, आणि ती सवय तूच लावलीस.

नेदरलँड्समध्ये २०११ साली द हेगजवळच्या किनाऱ्यावर सुमारे २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच जागी ओतली. ती पसरवायचं काम वारा, लाटा आणि प्रवाह यांच्यावर सोपवलं आणि ते काम साधारण वीस वर्षं चालेल असं आधीच धरलं. वीस वर्षं वाट बघायला तयार असलेला हिशेबनीस त्यांच्याकडे होता. आम्ही वीस वर्षं मागत नाही. पाच द्या.

पहिल्या वर्षी थोडेच पैसे द्या, फक्त मोजणीसाठी. भरती कुठपर्यंत येते, पाणी कुठे अडतं, जमीन कोणाची, गावात कोणाचं पोट त्या चिखलावर आहे, याचा तपास वर्षभर करू द्या. या कामाला आज एक पैसा मिळत नाही, त्यामुळे सगळे अंदाजपत्रकं घरी बसून लिहितात. दुसऱ्या वर्षाचा हप्ता पावसाच्या आधी, एप्रिलच्या शेवटी खात्यात असू द्या. मोठी रक्कम लावलेल्या रोपांवर देऊ नका, तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांवर द्या. नाळी खणून आपणहून आलेलं तिवरही त्यात मोजा. गाळ काढायची मजुरी पाचही वर्षं वेगळ्या रकान्यात लिहा. आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागायचंच असेल तर ऑक्टोबर संपताना मागा. तेव्हा पाऊस थांबलेला असतो, पाणी निवळलेलं असतं आणि काय जगलं, काय मेलं ते डोळ्यांनी दिसतं. तुझ्या दिवशी, मार्चमध्ये, फक्त काय लावलं एवढंच दिसतं.

अनुदानासाठी नव्याने अर्ज लिहिणाऱ्या समित्यांना मी आता एकच गोष्ट सांगतो. हंगामाचं कोष्टक अर्जाच्या पहिल्या पानावर लावा, शेवटच्या पानावर नको. शेंगा कधी पिकतात, गाळ कधी काढता येतो, मासेमारी कधी बंद असते, हे महिन्यांप्रमाणे लिहा आणि पैसे कोणत्या महिन्यात लागतील ते त्याच्या शेजारी लिहा. वर सही करणाऱ्यांपैकी एकाने जरी ते वाचलं तरी पुष्कळ आहे. एका अधिकाऱ्याने आमच्या गेल्या अर्जावर ते वाचलं होतं. स्वतः फोन करून विचारलं, “मास्तर, जुलैत पैसे आले तर चालतील का?” तो माणूस पुढच्या महिन्यात बदलून गेला, पण त्याचा फोन मी विसरलेलो नाही. तुझ्या कारभारातही माणसं आहेत. तू त्यांना वेळ देत नाहीस.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या महिला होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आमच्या बाया ते एकदा बघून आल्या. परत येताना काकी म्हणाल्या, आपल्याकडेही लोकांना दाखवण्यासारखं होईल, फक्त उघाडी मोकळी व्हायला हवी.

हे लिहिता लिहिता चार वाजले. पाचला ओहोटी लागेल आणि उघाडीपाशी गाळ काढायला माणसं जमायला लागली आहेत. दोन नाळ्यांपैकी एक गेल्या आठवड्यात मोकळी झाली, पाणी पहिल्यांदा आतल्या बांधापर्यंत पोचलं. मजुरीचे पैसे कुठल्याच योजनेत बसले नाहीत, म्हणून घरटी वर्गणी काढली आहे. वहीत जमा-खर्च रोज लिहितो. ती वही तू येऊन गेल्यावरही बंद होणार नाही.

कळावे,

गावच्या कांदळवन समितीचा चिटणीस